मंडळीचा तरुण संघ उभा करताना



आज बोलायचं आहे ते तरुण पोरापोरींविषयी. आमच्या लासलगावात आणि आजूबाजूच्या गावांत ख्रिस्ती घरं मोजकीच. कुणी दवाखान्यात, कुणी शाळेत नोकरीला, कुणाची शेती, आणि बऱ्याच जणी कांद्याच्या खळ्यावर निवडायला. रविवारच्या उपासनेत पुढच्या बाकांवर म्हाताऱ्या माणसांची गर्दी, मधे आमच्या वयाच्या, आणि मागची बाकं मोकळी. पंधरा ते पंचवीस वयाची मुलं नाताळला दिसायची, ती एकदम पुढच्या नाताळला. तेव्हा पाळकसाहेबांनी आमच्या बचत गटातल्या चार-पाच जणींना बोलावलं आणि म्हणाले, तुमचा गट इतकी वर्षं चालतो, तसा मंडळीचा तरुण संघ उभा करून द्या. आम्हाला धर्मशास्त्राचं शिक्षण नाही. गट कसा चालतो, ते मात्र माहीत होतं.

हा कार्यक्रम सगळ्या धर्मांच्या बाया ऐकतात. कुणाच्या गावात भजनी मंडळाला तरुण माणूस मिळत नाही, कुणाच्या विहारातला रविवारचा वर्ग बंद पडलाय. नावं बदलून ऐका, काम बरंचसं सारखंच आहे.

सुरुवातीचा मोह उद्घाटनाचा असतो. फलक छापायचा, पाहुणा बोलवायचा, भाषणं, नाश्ता, फोटो. गावोगावी आम्ही पाहिलंय, त्या दिवशी पन्नास पोरं येतात आणि पुढच्या रविवारी पाच. म्हणून आम्ही एक महिना काहीच भरवलं नाही. फक्त घरोघर गेलो. एक साधी दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले: नाव, वय, शिकतो की कामाला जातो, कोणत्या वारी किती वाजता मोकळा असतो, काय येतं, काय शिकायचंय, आणि घरात परवानगी कुणाकडून घ्यायची. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. कुठे बाप, कुठे आजी, आणि एका घरी तर मोठा भाऊ, जो स्वतः मंडळीत पाऊल टाकत नाही.

या फेरीत जे कळलं ते उपासनेच्या बाकावर बसून कधीच कळलं नसतं. एक मुलगा पिकअपवर जातो, रात्री माल भरून पहाटे बाजार समितीच्या रांगेत उभा असतो. तो रविवारी सकाळी झोपणार नाही तर काय करणार? आपण त्याला आळशी म्हणत होतो असं त्याच्या आईनेच सांगितलं. एकाला ढोलकी उत्तम येते, पण तो वाजवतो बँडवाल्यांबरोबर, कारण मंडळीत त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि बारावीतली एक मुलगी आम्हाला तोंडावर म्हणाली, "काकू, आम्हाला बोलवाल ते सतरंज्या घालायला आणि चहा द्यायलाच ना?" वहीत तिच्या नावापुढे आम्ही हेच वाक्य लिहून ठेवलं. पुढे काम वाटताना ते फार उपयोगी पडलं.

मग वार आणि वेळ. रविवारी दुपारी चार ते साडेपाच. सकाळ नको, कारण उपासनेला जोडून ठेवलं तर पिकअपवाला मुलगा सुटतो. संध्याकाळ नको, कारण अंधार पडला की मुलींचं येणं आधी बंद होतं. आमच्या भागात कॅलेंडरही कांदा-द्राक्षांच्या हिशोबाने लावावं लागतं. जानेवारी ते मार्च द्राक्षांची तोडणी, त्यातच फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, आणि मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी. नेमके त्याच सुमाराला उपवासकाळाचे चाळीस दिवस आणि ईस्टर. मोठी शिबिरं याच दिवसांत ठेवली तर कुणी येत नाही आणि मग आपण म्हणतो, पोरांना देवाची गोडी नाही. गोडीचा प्रश्न नंतर बघू, आधी त्यांच्या हाताला उसंत आहे का ते पाहायचं. या तीन महिन्यांत आम्ही बैठक अर्ध्या तासावर आणतो, पण बंद करत नाही.

बंद न करणं हीच खरी गोम आहे. बचत गटाची पंचसूत्री तुम्हा सगळ्यांना पाठ असेल: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशोबाच्या नोंदी. पाचही ठिकाणी शब्द एकच, नियमित. तरुण संघालाही पहिले सहा महिने तेवढंच लागतं. पाऊस असो, कुणाचं लग्न असो, चारला कुलूप उघडलेलं पाहिजे. तीनच मुलं आली तरी हजेरी घ्यायची, एक गीत म्हणायचं, ठरलेला वेळ बसायचं. पोरं परीक्षा घेतात हो. दोन रविवार येत नाहीत आणि बघतात, दार उघडं असतं की नाही.

बैठकीत करायचं काय, यावर आम्ही फार डोकं चालवलं नाही. हजेरी, एक-दोन गीतं, वचन, एक काम ठरवणं, चहा. गीतांची आपल्या मराठी मंडळींना कमतरता नाही. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाच्या चालीवर शंभराच्या वर ख्रिस्ती गीतं लिहिली आणि ती आजही उपासना संगीतात आहेत. ढोलकीवाल्या मुलाला आम्ही तीच पानं काढून दिली. बँडमधला हात होता, पहिल्यांदा जरा वरातीसारखं वाजलं, म्हाताऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. घालू द्या. तो मुलगा त्या दिवसापासून आमचा झाला.

वचनावर बोलायला मात्र आम्ही बाहेरचा वक्ता आणत नाही. मुलांपैकी एक जण उतारा वाचतो आणि आम्ही तीनच प्रश्न विचारतो: इथे घडलं काय, यात तू कोण असतास, आणि आपल्या गावात हे कुठे दिसतं? पहिल्याच महिन्यात रूथची गोष्ट घेतली. रूथ विधवा, परमुलखातून सासूबरोबर आलेली, पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते. सरवा म्हटल्यावर पोरींना समजावून सांगावं लागलं नाही, काढणीनंतर वावरात मागे राहिलेला कांदा त्यांच्या आयांनी वेचलेला आहे. त्या गोष्टीत शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना ताकीद देतो की या बाईला कुणी त्रास द्यायचा नाही. एका मुलीने विचारलं, त्याला अशी ताकीद का द्यावी लागली? म्हणजे त्रास होत असणारच. आणि तिथून जे बोलणं सुरू झालं ते खळ्यावरच्या मुकादमापासून बसस्टँडवरच्या टोळक्यापर्यंत गेलं. मुलगे पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होते. प्रवचन दिलं असतं तर हे झालं नसतं असं आमचं ठाम मत आहे.

अवघड प्रश्नांना घाबरू नका. 8 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ते तुम्हाला आठवतच असेल. आपल्या बाजारात लिलाव बंद पाडले गेले, भाव कोसळले आणि ती बंदी उठायला 4 मे 2024 उजाडला. त्या काळात आमचा संघ भरत होता. एक मुलगा उठून म्हणाला, "आम्ही घरात रोज प्रार्थना केली. भाव पडला तो पडलाच. आता मला सांगा, प्रार्थना कशाला करायची?" त्याच्या बापाने ट्रॅक्टरचा हप्ता थकवला होता. खोलीत अगदी शांतता. अशा वेळी वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून लगेच एखादं छापील उत्तर येतं, देवाची इच्छा, विश्वास कमी पडला, वगैरे. आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं की ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही, त्यावर उत्तर द्यायचं नाही. पाळकसाहेबांनी त्याला शास्त्रातलं हबक्कूकाचं छोटं पुस्तक काढून दिलं. तीनच अध्याय आहेत. त्याची सुरुवातच मुळी देवाला जाब विचारण्याने होते, किती दिवस हाका मारू आणि तू ऐकणार कधी, अशा अर्थाची. मुलगा म्हणाला, हे असलं पण लिहिलंय होय? त्याला उत्तर मिळालं नाही. पण आपला राग घेऊन बसायला जागा मिळाली, आणि तो येत राहिला.

त्याच मुलांनी मग बाहेर एक काळा फळा टांगला आणि रोजच्या लिलावातला किमान, कमाल आणि सरासरी भाव लिहायला लागली. फोनवर सगळ्यांना भाव दिसतो असं आपल्याला वाटतं. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना दिसत नाही. येणारे-जाणारे थांबून वाचायचे, त्यांत सगळ्या जातीधर्मांचे असायचे.

कामाविषयी थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण आमच्या मते तरुणांचा संघ कामावर उभा राहतो. आणि याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. नाशिकला शरणपूर रोडवरून आपण किती वेळा गेलो असू. ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसवलेली ख्रिस्ती वस्ती, शरण आलेल्यांचं गाव. तिथे आफ्रिकेतली मुलं राहत होती, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जायची, त्यांतून सोडवलेली ही मुलं. आईबाप नाहीत, भाषा वेगळी, मुलूख परका. शरणपूरला त्यांना लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. त्यांतला एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन नावाचे स्कॉटलंडचे मिशनरी डॉक्टर आफ्रिकेत फिरत होते, त्यांच्या मदतीला 1872 मध्ये नाशिकची सहा मुलं गेली, त्यांत हा होता. 1 मे 1873 ला, आजच्या झांबिया देशातल्या एका खेड्यात, लिव्हिंग्स्टन वारले. आसपास एकही गोरा माणूस नाही. तेव्हा त्यांच्या पेट्या उघडून एकेका वस्तूची यादी वहीत कुणी लिहिली? जेकबने. त्यांचं हृदय तिथेच पुरलं, तेव्हा प्रार्थना वाचली जेकबने आणि झाडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. मग चुमा आणि सुसी या जुन्या सोबत्यांच्या पुढारपणाखाली त्या सगळ्यांनी तो देह महिनोन्महिने पायी समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. पुढे बोटीवरून इंग्लंडपर्यंत सोबत गेला जेकब, आणि 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं तेव्हाही तो तिथे हजर होता.

ही गोष्ट आम्ही मुलांना सांगितली तेव्हा त्यांना प्रवास आवडला. आम्हाला आवडली ती यादी. मोठं माणूस गेलंय, परका मुलूख आहे, आणि एक तरुण पोरगा शांतपणे वही घेऊन काय काय आहे ते लिहितोय. कुणीतरी त्याला नाशिकला लिहायला शिकवलं होतं, आणि तिथल्या लोकांनी ते काम विश्वासाने त्याच्यावर सोपवलं.

म्हणून आमच्या संघात पहिल्या दिवसापासून हजेरी आणि जमाखर्च मुलांच्या हाती आहे. सतरंजीवालं वाक्य ज्या मुलीने ऐकवलं, ती पहिली सचिव. सतरंज्या घालायची पाळी मुलग्यांसह सगळ्यांची, आठवड्याला दोघं. चहाचंही तसंच. एका मुलग्याच्या आजीला ते आवडलं नाही, तिने आम्हाला सांगितलंही. आम्ही म्हटलं, आजी, तुमच्या हाताची चव त्याच्या हाताला आलीय. पुढे काही बोलली नाही.

बाकीची कामं अशी: उपासनेत शास्त्रवाचन, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पंधरवड्यातून एकदा जाणं, औषधाच्या चिठ्ठ्या वाचून गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून देणं, शिष्यवृत्तीचे आणि सरकारी योजनांचे ऑनलाइन अर्ज भरून देणं. या शेवटच्या कामासाठी तर संघाबाहेरच्या बायाही येऊ लागल्या. खरं पाहता मुलांना मोबाइल सोडा म्हणून सांगण्यात वर्षं गेली असती. मोबाइलने कुणाचं काम करून दे म्हटलं की तेच बोट दुसरीकडे वळतं.

आता मुलींविषयी. मुलगी येत नाही तेव्हा बहुतेक वेळा तिची आई पाठवत नसते, आणि आई पाठवत नसते कारण तिला वाट, वेळ आणि सोबत यांची खात्री नसते. इथे बचत गट आमच्या कामी आला. त्या आयांचा हप्ता, कर्ज, दुखणं-खुपणं आम्हाला ठाऊक, आणि आमचं त्यांना. दोन गल्ल्यांना मिळून एक बाई सोबतीला ठरवली, ती जाताना घेऊन जाते आणि साडेपाचला परत पोचवते. पौल प्रेषिताने तीमथ्य नावाच्या तरुण सेवकाला पत्र लिहिलं, त्यात तो त्याच्या आजीची आणि आईची नावं घेऊन आठवण काढतो, लोईस आणि युनीके. पुढारी होणाऱ्या पोराच्या पत्रात बापाचं नाव नाही, या दोघींचं आहे. आमच्या मंडळीतल्या आजीबायांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. काहींनी तर नाती-नातवांना हाताला धरून आणून सोडलं.

आणि मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आम्ही स्पष्ट ठेवली आहे. संघात कुणाचं लग्न अठरा वर्षांच्या आत ठरतंय असं कळलं, तर आम्ही गप्प बसत नाही. आधी घरी जाऊन बोलतो, आणि ऐकलं नाही तर पुढे कुठे जायचं तेही माहीत आहे. मंडळीतलं घर असो की पंचांचं, कायदा सगळ्यांना एकच.

सुरक्षिततेचं यापेक्षा जास्त सांगायला हवं. तरुण संघ म्हणजे दुसऱ्यांची पोरं आपल्या भरवशावर. आमचे नियम कागदावर लिहून आत भिंतीला चिकटवलेत. बैठकीला दोन मोठी माणसं, त्यांतली एक बाई. बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर कुणीही बसायचं नाही, प्रार्थनेसाठीसुद्धा नाही. अठराच्या आतल्या मुलांना पुढाऱ्याने खासगी मेसेज करायचे नाहीत, जे सांगायचं ते गटावर, आणि त्या गटात एक पालक. सहलीला जायचं तर पालकाची सही आणि फोन नंबर. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, केवढी गर्दी असते ते तुम्ही पाहिलं असेल. तिथे मुलांना न्यायचं तर पाच मुलांमागे एक मोठं माणूस, आणि जाताना-येताना दोन्ही वेळा नाव घेऊन हजेरी.

एखादं मूल विश्वासाने काही सांगू लागलं, की अमक्याने असं केलं, तर "मी कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. ऐकून घ्या, तिच्यावर विश्वास ठेवा, आणि सांगा की मदतीसाठी मला हे सांगावं लागेल. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, तो फुकट आहे, पोरांनाही पाठ करून द्या. करणारा कोण आहे, पाळक, पंच, शिक्षक की नात्यातला, हे पाहून पाऊल मागे घ्यायचं नाही. मंडळीची अब्रू जाईल असं म्हणणारे भेटतात. आम्ही त्यांना विचारतो, मंडळीची अब्रू म्हणजे नक्की कुणाची? त्या पोरीचीही धरताय ना त्यात?

पैशाचं थोडक्यात. महिना दहा रुपये वर्गणी, ज्याला जमत नाही त्याला कुणी विचारत नाही. बँकेत खातं, दोन सह्या, महिन्याच्या शेवटच्या रविवारी खजिनदार उभा राहून जमाखर्च मोठ्याने वाचतो. निवडणुकीच्या तोंडावर टी-शर्ट आणि क्रिकेटचं सामान घेऊन माणसं येतात. मुलांना मोह होतो, साहजिक आहे. आम्ही नको म्हणतो. एकदा टी-शर्ट घातला की अंगावर नाव त्यांचं.

एक नाजूक बाब राहिली. मुलांच्या दोस्तांना जात-धर्म नसतो. ढोलकीच्या नादाने शेजारची मुलं येऊन बसतात. मग गावात कुजबुज होते की हे लोक पोरांना बाटवतायत. याला आमच्याकडे लपवाछपवी नाही. दार-खिडक्या उघड्या असतात, बाहेर वेळापत्रक लावलेलं आहे. दुसऱ्या धर्माचं अठराच्या आतलं मूल आलं तर त्याच्या आईबापांना आम्ही स्वतः जाऊन सांगतो, आणि त्यांची लेखी परवानगी असेल तरच ते बसतं. कुणाला वस्तू द्यायची नाही, आमिष नाही, कुणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण आम्ही यासाठी सांगतो. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म 1868 चा. 1907 मध्ये जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं, तिथे टिळकांना त्र्यंबक ठोंबरे नावाचा जेमतेम सतरा वर्षांचा मुलगा भेटला, ज्याला आपण बालकवी म्हणतो. टिळक-लक्ष्मीबाईंनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. टिळक ख्रिस्ती, ठोंबरे हिंदू, तो शेवटपर्यंत हिंदूच राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं, त्याच्या लहरी सोसल्या. हे सगळं त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. वाचायला मिळालं तर जरूर वाचा, हसाल आणि रडाल. घरात येणाऱ्या पोराला आधी जेवलास का विचारायचं, हे त्या बाईकडून शिकण्यासारखं आहे.

आता पुढारपणाचं. आम्ही तिशी-चाळिशीतल्या बाया तरुण संघ कायमचा चालवणार नाही, हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाकलं. बचत गटात जशी अध्यक्ष-सचिवांची पदं फिरती असतात, तशी इथे दर वर्षी निवड. एक मुलगा, एक मुलगी, दोघं मिळून. वर्ष संपलं की नव्यांना महिनाभर बरोबर घेऊन शिकवायचं. पदावरून उतरलेली मुलं रुसून जाऊ नयेत म्हणून त्यांना लहानांच्या संडे स्कूलमध्ये गोष्ट सांगायचं काम देतो. सगळं सुरळीत होतं असं नाही. शिकलेली, चांगली तयार झालेली मुलं नोकरीला नाशिकला, पुण्याला जातात आणि आपल्याला पुन्हा पहिल्यापासून धरावं लागतं. आमची पहिली सचिव आता नर्सिंगला आहे. तिचा फोन येतो, वसतिगृहात तिने मुलींची एक बैठक सुरू केली आहे, आणि हजेरीची वही कशी आखायची ते विचारत होती.

तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करायची असेल तर जून बरा. पंधरा जूनच्या सुमारास शाळा उघडतात, कांदा चाळीत पडलेला असतो, आणि खरिपाची लगबग असली तरी रविवारची दुपार मिळते. त्याआधी मे महिन्यात घरोघर फिरून यादी करून ठेवा. जाताना एकटी जाऊ नका, दोघी जा, आणि परवानगीचा रकाना विसरू नका.